पुण्यातलं नाक आणि साताऱ्यातला चित्रकार



प्लॅस्टिक सर्जरी मुळात आपलीच, असं सांगणारा फॉरवर्ड वर्षातून दोन-तीनदा येतोच. त्यात बऱ्याचदा एक जुनं चित्र जोडलेलं असतं. एक माणूस, त्याचं जरा वेगळंच दिसणारं नाक, आणि बाजूला पानासारखे काही आकार. खाली सुश्रुताचं नाव. आता हा माणूस सुश्रुत नाही आणि सुश्रुताचा पेशंटही नाही. तो कावसजी. मूळ चित्र काढलं गेलं पुण्यात, जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे सवाई माधवरावांच्या काळात.

मी डॉक्टर नाही. इंजिनियरिंग केलं आणि इथे बहरीनमध्ये पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो. पण ड्रॉइंग म्हणजे काय हे थोडंफार कळतं, आणि ऑपरेशनचं चित्र म्हणजे शेवटी ड्रॉइंगच. न पाहिलेल्या माणसाला ते काम करता यावं म्हणून काढलेलं. त्या नजरेने आज दोन माणसांबद्दल लिहितो. एक कावसजीचं नाक करणारा, आणि दुसरा हेन्री व्हॅनडाइक कार्टर. कार्टर हे नाव फारसं कुणाच्या ओळखीचं नसेल, पण त्याची चित्रं इथल्या झाडून साऱ्या डॉक्टर मंडळींनी पाहिली असणार.

आधी कावसजी. नाव पारशी वाटतं खरं, पण मूळ मजकुरात तो शेतकरी जातीचा मराठा, म्हणजे आपल्या भाषेत कुणबी, असल्याचं म्हटलं आहे. (इंग्रजांच्या कानाने मराठी नावांचं काय काय केलं हा स्वतंत्र विषय.) १७९२ च्या टिपूविरुद्धच्या लढाईत तो इंग्रजी फौजेत बैल हाकायच्या कामावर होता. टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, आणि त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडण्यात आलं. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. या माणसाबद्दल इंग्रजी मजकूर एवढंच सांगतो की तो विटा पाडणाऱ्या जातीचा होता. आपल्याकडे ही हकीकत सांगताना त्याला कुंभार म्हणतात, मीही तेच म्हणतो.

कृती अशी. मेणाचा पातळ पत्रा घ्यायचा, तो उरलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार द्यायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्याभोवती रेघ मारायची. त्या रेघेच्या आतली कातडी सोलून काढायची, पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. नंतर नाकाच्या जुन्या जखमेच्या कडा ताज्या करायच्या, भोवती चीर घ्यायची, कपाळाची कातडी अर्धी वळवून खाली आणायची आणि तिची कड त्या चिरेत बसवायची. टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. (हो, विड्याला लावतो तोच कात.) चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून आत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती डोळ्यांमधली पट्टी कापायची आणि नाक जरा घडवून घ्यायचं.

पहिल्या वर्षाला इंजिनियरिंग ड्रॉइंग ज्यांनी घासलं आहे त्यांना मेणाचा हा प्रकार ओळखीचा वाटेल. 'डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस' नावाचं एक प्रकरण असायचं. शंकूचा पत्रा उलगडला तर सपाट कागदावर कसा दिसेल, म्हणजे तेवढाच कापून गुंडाळला की पुन्हा शंकू होईल. त्यात आमची निम्मी बॅच गटांगळ्या खायची. कुंभाराने ते गणित मेण चेपून सोडवलं होतं.

ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज सर्जनांनी पाहिली होती. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्या सुमारास पुण्यात काम करत होता. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं जे प्रसिद्ध चित्र आपण पुस्तकांत पाहतो ते याच वेल्सचं. त्याने ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी कावसजीला रंगवलं. त्यावरून केलेलं कोरीव चित्र आणि वरची कृती लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात आली, खाली सही फक्त बी. एल. एवढीच. चेहऱ्यासोबत मेणाचे आकार वेगळे काढलेले होते. मला या चित्रातला सगळ्यात मोलाचा भाग तोच वाटतो. चेहरा बघून माणूस थक्क होतो, पण आकार बघून काम करता येतं.

आणि ते केलं गेलं. लंडनमधला जोसेफ कार्पू हा शरीररचना शिकवणारा सर्जन. त्याने ही कृती प्रेतांवर करून पाहिली, योग्य पेशंट मिळेपर्यंत थांबला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ ला एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक याच पद्धतीने केलं. मग दुसऱ्या एकाचं. १८१६ मध्ये दोन्ही केसेसचं सचित्र पुस्तक काढलं, पुढच्याच वर्षी ते जर्मनीत पोचलं. तिथून कपाळाच्या कातडीची ही पद्धत युरोपभर गेली. इटलीत बोलोन्याच्या तालियाकोत्सीने १५९७ मध्येच नाकाच्या शस्त्रक्रियेचं सुंदर सचित्र पुस्तक काढलेलं होतं. पण त्याची पद्धत दंडाची कातडी वापरण्याची. कित्येक दिवस हात डोक्याला बांधून बसायचं. ती मागे पडली होती.

फॉरवर्डवाल्यांसाठी इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे, यात वाद नाही. पण तिथे माप झाडाच्या पानाचं आणि कातडी गालाची. पुण्यातल्या कुंभाराचं माप मेणाचं आणि कातडी कपाळाची. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी, कदाचित पुष्कळ जणांनी, पद्धत बदलली. कपाळाची कातडी नाकाच्या रंगपोताला चांगली जुळते आणि तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो. आजचे प्लॅस्टिक सर्जनही नाकाचा मोठा भाग गेला असेल तर कपाळाचीच कातडी घेतात आणि जोडपट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात. म्हणजे श्रेय द्यायचं तर सुश्रुताइतकंच त्या मधल्या निनावी लोकांना द्यायला हवं. आपण मात्र दीडदोन हजार वर्षं ओलांडून थेट सुश्रुतावर जाऊन बसतो!

आता चित्रात काय नव्हतं ते. ती डोळ्यांमधली पट्टी ठेवायची, का? मासिकाच्या मजकुरात एका वाक्यात आहे की नवा सांधा जुळेपर्यंत तिच्यातून रक्त खेळतं. पण कुठली धमनी, ती किती खोल, सुरी किती आत गेली तर ती तुटेल, हे ना मजकुरात ना चित्रात. भुवईच्या आतल्या टोकापाशी, डोळ्याच्या खोबणीतून एक छोटी धमनी वर कपाळात चढते. सगळं नाक तीन आठवडे तिच्या जिवावर जगतं. कुंभाराला तिचं नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण पट्टी कुठे ठेवली तर कातडी काळी पडत नाही हे हाताला ठाऊक होतं. कार्पू स्वतः शरीररचनेचा मास्तर, त्याला धमन्या पाठ. पण सामान्य विद्यार्थ्याने काय करायचं?

शब्दांनी शरीर सांगायचा प्रयत्न आपल्याकडेही झाला आणि इकडेही. प्रेत गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावं आणि मग थराथराने खरवडून बघावं, असं सुश्रुत सांगतो. इथे मनामात इब्न अल-नफीसच्या नावाचं हॉस्पिटल आहे. तेराव्या शतकातल्या या वैद्याने रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येतं हे अगदी बरोबर लिहून ठेवलं होतं. त्याच्या आधी अल-झहरावीने हत्यारांची रेखाटनं आपल्या ग्रंथात दिली होती. पण हत्याराचं चित्र वेगळं आणि हत्यार जिथे घुसतं तिथल्या थरांचं चित्र वेगळं.

ते चित्र घरोघरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचवलं कार्टरने. जन्म १८३१, वडील चित्रकार. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात शिकताना तिथल्या हेन्री ग्रे या तरुण सर्जनाशी गाठ पडली. ग्रेच्या मनात विद्यार्थ्यांसाठी परवडणारं पुस्तक काढायचं होतं. १८५६-५७ मध्ये दोघांनी मिळून शवविच्छेदन केलं, ग्रेने मजकूर लिहिला आणि कार्टरने चित्रं काढली. पहिल्या आवृत्तीत ३६३. छपाईसाठी लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र उलटं काढावं लागे, तेही त्याने केलं. आणि एक साधी पण जबरदस्त गोष्ट केली: स्नायूचं नाव स्नायूवरच, धमनीचं नाव धमनीच्या कडेनेच लिहिलं. तोपर्यंत बहुतेक पुस्तकांत बारीक अक्षरं आणि तळाशी यादी असे, डोळ्यांची सारखी खालीवर कवायत. ज्याने दुसऱ्याचा कोड वाचला आहे त्याला यातला फरक सांगायला नको.

पुस्तकाचं मूळ नाव 'अ‍ॅनाटॉमी: डिस्क्रिप्टिव्ह अँड सर्जिकल'. शरीराचं नुसतं वर्णन नव्हे, तर सुरी धरणाऱ्याला उपयोगी पडेल असं. कपाळातली आपली ती धमनीही त्यात आहे, तेव्हाचं तिचं नाव 'फ्राँटल'. आपण सगळे ज्याला 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' म्हणतो ते हेच पुस्तक, २०२० मध्ये त्याची ४२ वी आवृत्ती निघाली.

१८५८ मध्ये पुस्तक बाजारात आलं तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हता. तो मुंबईत होता, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनेचा प्राध्यापक. मुखपृष्ठाचं प्रूफ ग्रेच्या हाती पडलं, त्यावर कार्टरचं नाव त्याच्या बरोबरीच्या अक्षरांत होतं आणि खाली मुंबईच्या प्राध्यापकपदाचा उल्लेख. ग्रेने तो उल्लेख खोडला आणि नावाचा टाइप लहान करायला सांगितलं. पैशांचंही तसंच. ग्रेला दर हजार प्रतींमागे १५० पौंड, कार्टरला एकदाच १५० पौंड, मग काही नाही. प्रस्तावनेत मित्र म्हणून आभार आहेत, ते मान्य करायला हवं. तरी मला ग्रेचं हे वागणं क्षुद्र वाटतं. ड्रॉइंगच्या शीटवर उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो, त्यात कुणी काढलं आणि कुणी तपासलं अशा दोन रकाने असतात. तपासणाऱ्याने काढणाऱ्याचं नाव खोडलं तर आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी शीट फाडली असती.

ग्रे १८६१ मध्ये देवीच्या आजाराने गेला, चाळीशीही गाठली नाही. कार्टर इकडे तीस वर्षं राहिला. १८६३ ते १८७२ तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, तुरुंगाचीही देखरेख त्याच्याकडे. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला काट्याकुट्यातून होणारा एक रोग आहे, पाय सुजतो, भोकं पडून त्यातून दाणे बाहेर येतात. तो बुरशीने होतो हे कार्टरने दाखवलं, त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिलं आणि १८७४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातली चित्रंही स्वतःच काढली. कुष्ठरोगावर काम केलं. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत उपासमारीने आलेल्या लोकांमध्ये तापाची साथ पसरली, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातले पिळदार जंतू त्याने शोधले. पुढे ग्रँटचा प्राचार्यही झाला. १८८८ ला निवृत्त होऊन परत गेला आणि १८९७ मध्ये स्कारबरोला वारला. लंडनमध्ये त्याच्या डायऱ्या जपून ठेवल्या आहेत.

एक गंमत. 'ग्रे'ची १९१८ ची अमेरिकन आवृत्ती कॉपीराइटमुक्त आहे, त्यामुळे विकिपीडियावर शरीररचनेच्या पानांवर तिच्यातली चित्रं सर्रास दिसतात. त्या चित्रांवर क्लिक केलं की चित्रकार म्हणून कार्टरचंच नाव येतं. आता त्यातली बरीच चित्रं कार्टर गेल्यानंतर दुसऱ्यांनी काढलेली आहेत. म्हणजे ज्याचं नाव लहान केलं त्याच्या खात्यावर आता इतरांचीही चित्रं जमा झाली, आणि ते इतर कोण हे बघायला पुन्हा जुन्या आवृत्त्या चाळायला हव्यात.

साताऱ्याकडच्या कुणाला कार्टरच्या तिथल्या नऊ वर्षांची काही खूण, एखादा बंगला, तुरुंगातली एखादी पाटी, ठाऊक असेल तर जरूर कळवा. पुढच्या सुट्टीत जाऊन बघायचा विचार आहे.