रुमालाखालचा सौदा

जनावरांच्या बाजारात आकडा तोंडाने न उच्चारता रुमाल, उपरणे किंवा धोतराच्या सोग्याखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत. तिला हत्ता पद्धत असेही म्हणतात. भालकी (जि. बीदर), उदगीर, देवणी या पट्ट्यात देवणी जातीच्या बैलांचे सौदे पिढ्यान्‌पिढ्या असे होत आले.

शेतकरी आणि हेडी (गुरांचा व्यापारी) हातात हात घेतात, वर रुमाल पडतो. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच; पंजा दाबून लगेच दोन बोटे धरली की सात. आकडा शेकड्याचा की हजाराचा, हे जनावर पाहून दोघांनाही ठाऊक असते. खुणा बाजारागणिक थोड्याफार बदलतात. भाव पटला नाही तर समोरचा आपला आकडा दाबतो. अगदीच पडेल वाटला तर हात सोडवून घेतो. जमले की टाळी, विसार, आणि दावे गिऱ्हाइकाच्या हाती. तोवर चेहरा कोरा ठेवणे भाग असते. बैल आदत (दुधाच्या दातांचा) आहे की चार दाती हे गिऱ्हाईक जबडा उघडून पाहते, पाठीवरून हात फिरवते, त्याला चालवून बघते. एवढ्यात डोळ्यांत पसंती दिसली की भाव चढलाच.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याच्या 1676 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात हिऱ्यांचे असेच सौदे आहेत: पूर्ण हात हजाराचा, एक बोट शंभराचे, अर्धे पन्नासाचे.

भालकीकडे मराठी, कन्नड, दखनी आणि तेलुगू बोलणारे एकाच बाजारात भेटतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात. बोटांचा हिशेब दोन्हीकडे तोच राहिला. त्यात माणसाची पतही सांभाळली जाते. गरजेपोटी कमी भावात बैल द्यावा लागला तरी तो आकडा चारचौघांत फुटत नाही.

याच गुप्ततेत फसवणुकीला वाव आहे. दलाल विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात वेगवेगळा धरतो, तेव्हा मधला फरक त्याच्या खिशात जाऊ शकतो. शेतमालाच्या नियंत्रित बाजारांत उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो या कारणाने, आणि तो रास्तच होता. गुरांच्या बाजारात जाणता शेतकरी दलालाला बाजूला सारून गिऱ्हाइकाचा हात स्वतःच धरतो.