गणिताचा उंबरठा आणि वैद्यकाची वाट : भोर-वेल्ह्यातील एका निवडीचा इतिहास

वैद्यकाकडे जाण्यापूर्वी गणितात पदवी घ्यावी की नाही, हा प्रश्न अमेरिकेत स्वाभाविक ठरतो, कारण तेथे वैद्यकीय महाविद्यालयाच्या आधी सामान्यतः चार वर्षांची पदवी लागते आणि तिचा मुख्य विषय गणित असला तरी चालतो. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत मात्र हा प्रश्न त्या रूपात कधी उभाच राहिला नाही. त्याचा निकाल विद्यार्थी पंधरा-सोळा वर्षांचा असतानाच लागत आला, आणि तो लावण्यात विद्यार्थ्याच्या कलापेक्षा परीक्षांच्या रचनेचा वाटा मोठा होता.

या दोन्ही तालुक्यांचा बराचसा मुलूख 1948 पर्यंत पंतसचिव घराण्याच्या भोर संस्थानात मोडत असे. राज्य पंतसचिवांचे असले तरी उच्च शिक्षणाचे दार मुंबई विद्यापीठाच्या ताब्यात होते. 1859 पासून होऊ लागलेल्या त्याच्या मॅट्रिक्युलेशन, म्हणजे प्रवेश परीक्षेत अंकगणित, बीजगणित आणि युक्लिडची भूमिती अनिवार्य असल्यामुळे 1845 साली स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवू पाहणाऱ्यालाही आधी युक्लिड ओलांडावा लागे. प्रमेयांचा रोग्याशी संबंध काय, असे त्या काळी फारसे कोणी विचारत नसावे. गणित ही सुशिक्षितपणाची सर्वसाधारण खूण होती आणि वकील, शिक्षक, डॉक्टर या तिघांनाही ती सारखीच लागू होती. पुण्यात 1878 साली सुरू झालेल्या बी. जे. मेडिकल स्कूलमुळे वैद्यकाची दुसरी, पदवीहून खालच्या दर्जाची वाट भोरकरांना जवळ आली. डॉक्टरांचा दर्जा देशभर एकच असावा या विचाराने जोर धरला त्या सुमारास, 1946 साली, त्या स्कूलचे महाविद्यालय झाले आणि ही दुसरी वाट बंद झाली.

गणित आणि वैद्यक यांची खरी फारकत विसाव्या शतकात झाली. इंटर सायन्स या पदवीपूर्व टप्प्यावर ‘ए ग्रुप’ आणि ‘बी ग्रुप’ अशी विभागणी रूढ झाली. पहिल्यात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रासोबत गणित, दुसऱ्यात त्याच जागी जीवशास्त्र, आणि पहिला गट अभियंत्याचा तर दुसरा डॉक्टरचा, असे समीकरण घरोघरी पाठ झाले. विभागणी सोयीची होती, परंतु तिने गणितात गती असलेल्या मुलाला वैद्यकापासून आणि वैद्यकाची ओढ असलेल्याला गणितापासून दूर केले. अकरावी-बारावीची नवी रचना 1975 नंतर रुजेपर्यंत ही निवड करण्यासाठीसुद्धा सुमारे 50 किलोमीटरवरील पुण्यात जाऊन राहणे भाग असे, त्यामुळे या डोंगरी भागातील कितीतरी घरांत विषयाचा विचार खोलीभाडे आणि खानावळ यांच्या हिशेबापाशीच थांबत असणार. नव्या रचनेत अकरावी-बारावीचे वर्ग माध्यमिक शाळांनाही जोडता आले. निवड गावाजवळ आली, पण तिचे स्वरूप तेच राहिले; पीसीबी (जीवशास्त्राचा) आणि पीसीएम (गणिताचा) ही नावे जुन्याच गटांची होत. दोन्ही विषय ठेवण्याची, म्हणजे पीसीएमबीची, मुभा होती, परंतु दुहेरी अभ्यासाचे आणि शिकवण्यांचे ओझे पेलणे वेल्ह्यासारख्या छोट्या तालुक्यात सोपे नव्हते. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अवघी साडेचोपन्न हजारांच्या आसपास होती.

या फारकतीने काय दुरावले, हे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या कार्यावरून दिसते. भोरला लागून असलेल्या सातारा जिल्ह्यातील बुध येथे 1911 साली जन्मलेल्या सुखात्मे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून 1932 मध्ये गणिताची पदवी घेतली, लंडनमध्ये संख्याशास्त्रात संशोधन केले आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभाग सांभाळला. एकाच व्यक्तीचे उष्मांकांचे सेवन दिवसागणिक कमी-जास्त होत असते, म्हणून सरासरी गरजेहून थोडे कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरवता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर पोषणतज्ज्ञांत तीव्र वाद झाला. मात्र हा वाद समजून घ्यायलाही ज्या संख्याशास्त्राची गरज असते, ते बी ग्रुपच्या वाटेने आलेल्या डॉक्टरला वैद्यकीय अभ्यासक्रमात जनस्वास्थ्याच्या विषयासोबत थोडेसेच भेटते.

प्रवेश परीक्षांनी विभागणी अधिक घट्ट केली. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे आहेत आणि स्वतंत्र विषय म्हणून गणित तिच्यात नाही. नियमांची चौकट मात्र अलीकडे सैल झाली आहे. 2022 साली या परीक्षेची कमाल वयोमर्यादा हटली आणि 2023 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही पात्र ठरवले. त्यामुळे भोरच्या विद्यार्थ्याला आधी गणितात बी.एस्सी. करून नंतर वैद्यकाकडे वळणे आता कायद्याने शक्य आहे. फरक एवढाच की अमेरिकेत त्या पदवीची चार वर्षे वैद्यकाच्या वाटेत धरली जातात, तर येथे बी.एस्सी.ची तीन वर्षे साडेपाच वर्षांच्या एम.बी.बी.एस.मधून वजा होत नाहीत आणि त्यांचा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो.