पट्ट्यांमधला सूर

साल 1936. रहिमतपूर मागे पडल्यावर डब्यातली गर्दी जरा सैलावते आणि तुम्हाला खिडकीजवळ जागा मिळते. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची ही मीटरगेज गाडी मिरजेकडे निघाली आहे. कऱ्हाड जाईल, किर्लोस्करवाडी जाईल. समोर बसलेला शेतकरी तंबाखू मळता मळता विचारतो, "कुठलं गाव, पाव्हणं?" तुम्ही "सातारा" म्हणता, आणि ते खरंच आहे. फक्त तुमचा सातारा त्याच्या साताऱ्याच्या पुष्कळ पुढच्या काळातला आहे, आणि तिथून निघताना तुम्ही सोबत एकच गोष्ट घेतली आहे: जाझ ऐकून घडलेले कान.

लुई आर्मस्ट्राँगची 'वेस्ट एंड ब्लूज' तुम्हाला पाठ आहे. शिकागो, 28 जून 1928. सुरुवातीला कुणाचीच साथ नसताना एकट्या ट्रम्पेटची झेप, मग सगळा बँड, आणि सव्वातीन मिनिटांच्या आसपास खेळ संपतो. ती तबकडी तुम्ही इतक्यांदा ऐकली आहे की सुई कुठे खरखरते तेही ठाऊक आहे.

मिरज जंक्शनला उतरून तुम्ही विचारत विचारत सतारमेकर गल्लीत शिरता. दारादारांत भोपळे वाळत टाकलेले आहेत, पंढरपूरच्या बाजूने आलेले, एकेक कळशीहून मोठा. आत तुणाच्या लाकडाचा भुसा पडलेला. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी गेल्या शतकात इथे तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या; फरीदसाहेब शिकलगारांचं नाव अजून आदराने घेतलं जातं. एका ओट्यावर म्हातारा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसला आहे. घोडीच्या पाठीवरून कानस अगदी हलकी, केसभर फिरवतो. तार छेडतो. मान हलवतो. पुन्हा कानस. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतो, पुढे, मागे, आणि एका जागी तो सूर असा उघडतो की त्यातून आणखी सूर झिरपू लागतात. तुम्ही जागच्या जागी उभे राहता. ट्रम्पेटच्या तोंडावर टोपी धरून, कधी घशातून गुरगुरून सुराचा रंग बदलणारे वादक तुम्ही आयुष्यभर ऐकलेत. स्वच्छ, कोरा सूर पुरेसा नसतो, हे या म्हाताऱ्यालाही ठाऊक आहे.

रात्री मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरूस. चिंचेच्या झाडाखाली सतरंजी, दोन तंबोरे, तबला, आणि मधे अब्दुल करीम खाँ. साठी ओलांडलेले, सडपातळ, डोळे मिटलेले. उत्तरेतल्या कैराण्यात जन्मलेला हा माणूस या पिराच्या पायाशी गाऊन आजारातून बरा झाला, अशी गावाची श्रद्धा आहे, आणि दरवर्षी तो इथे गातो. आवाज बारीक, उंच, धारेसारखा. तुम्हाला सरगम कळत नाही, राग ओळखता येत नाही, बिघडत नाही. ते कोमल गंधारावर येतात आणि तिथे थांबतात. नुसते थांबत नाहीत, त्या सुराला किंचित खाली रेलतात, वर ओढतात, पुन्हा सोडतात. पेटीच्या कुठल्याच पट्टीवर तो सूर बसणार नाही.

आणि तुमच्या अंगावर काटा येतो, कारण हा सूर तुमच्या ओळखीचा आहे. ब्लूज गाणारा शुद्ध आणि कोमल यांच्या मधल्या जागेत गंधार घेतो तेव्हा पियानोवाला हताश होऊन दोन्ही पट्ट्या एकदम दाबतो. मिसिसिपीचा सूर आणि मिरजेचा सूर एकच, असं मी म्हणणार नाही. त्यांची कुळं वेगळी, व्याकरण वेगळं. पण दोघांचा जीव पट्ट्यांच्या मधे आहे. म्हणूनच दोघांनाही कागदाने कधी धरून ठेवलं नाही.

याचा शोध घ्यायचा तर तुम्हाला थोडं मागे, 1910 च्या सांगलीत जावं लागेल. कृष्णाजी बल्लाळ देवल, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, 'शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे भाऊ. त्यांच्यासमोर ताणलेली तार आहे आणि मोजपट्टी. खाँसाहेब सूर लावतात, देवल तारेवर तो जुळवतात, लांबी टिपतात. याच वर्षी बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघतं, आणि त्यामागे याच गळ्याची साक्ष आहे. त्या काळात उस्ताद आपली विद्या दडवून ठेवायचे म्हणतात. हा उस्ताद आपला गंधार मोजून घेऊ देतो आहे. पुढे क्लेमंट्स नावाच्या आयसीएस न्यायाधीशाने देवलांचं गणित घेऊन लंडनहून श्रुतींची पेटी करवून घेतली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण गवयांच्या पसंतीला उतरली नाही. साधी पेटी मात्र घरोघर गेली. देवलांची तळमळ मला खोटी वाटत नाही, त्यांनी धरलेलं साधन अपुरं पडलं. श्रुती स्थिर नसते, ती येता-जाताना भेटते. पट्टी कितीही बारीक कापली तरी तिथे सूर उभाच राहणार.

तो चालता सूर धरायचं काम लाखेच्या तबकडीने केलं.

परत 1936 मध्ये या. मिरजेच्या बाजारात एका दुकानात फोनो आहे. दुकानदार चावी भरतो, जुनी पिन काढून नवी लावतो, फडक्याने तबकडी पुसतो. लेबल वाचायला तुम्ही वाकता आणि चपापता: ओडियन. आर्मस्ट्राँगच्या तबकड्या अमेरिकेत ओकेह या नावाने निघाल्या, पण युरोपात त्यांतल्या काही याच ओडियनच्या शिक्क्याखाली विकल्या गेल्या. ओकेह काढणारा ओटो हाइनमनही आधी याच घराशी बांधलेला होता. अटलांटिकच्या दोन तीरांवर फिरलेल्या त्याच शिक्क्याखाली आता झिंझोटी वाजते आहे, 'पिया बिन नहीं आवत चैन'.

दर्ग्यात हेच खाँसाहेब एक राग घेऊन तास तास बसतात. इथे एका बाजूला तीन मिनिटं आणि वर थोडी. बैठकीचे शौकीन म्हणतात की तबकडीत गाणं कोंबलं जातं, आणि पुष्कळ गवयांच्या तबकड्या ऐकल्या की त्यांचं पटतं: शेवटच्या अर्ध्या मिनिटात घाईघाईने ताना उरकलेल्या. खाँसाहेबांकडे ती घाई नाही. पहिल्या सुरातच ते रागाच्या घरात असतात, एकच शब्द पुन्हा पुन्हा घेतात, दर वेळी वेगळ्या सुरावर ठेवतात, आणि सुई मधल्या वर्तुळाकडे सरकते तेव्हा गाणं आपल्या पायाने संपलेलं असतं. तीन मिनिटांचं हे वेगळं शिल्प आहे आणि त्याला बैठकीच्या फुटपट्टीने मोजू नये, असं माझं ठाम मत आहे. शिकागोतल्या त्या झेपेलाही हेच लागू.

याच सुमारास मुंबईत ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा अमेरिकन कृष्णवर्णीयांचा बँड 1935-36 च्या हंगामात वाजवून गेला आहे. मिरजेपासून फार लांब नाही, पण दोन्हीकडच्या श्रोत्यांची गाठ पडत नाही. त्यांना जोडणार आहेत त्या तबकड्याच, आणि त्यासुद्धा पुढच्या पिढीत. गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ आर्मस्ट्राँगला आदर्श मानून ट्रम्पेट वाजवत 'चिक चॉकलेट' होईल आणि 1951 च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या गाण्यांत त्याचा वाद्यवृंद झळकेल. तिकडे गदगचा एक पोरगा दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँची झिंझोटी ऐकून आधीच वेडा झाला आहे आणि गाणं शिकायला त्याने घर सोडलं आहे. भीमसेन जोशी ही आठवण स्वतः सांगत. हिंडून हिंडून तो शेवटी पोचला कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या दारी, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे. तबकडीने भूक लावली. पोट भरायला मात्र माणूसच लागला.

खाँसाहेबांना पुढचं एकच वर्ष उरलं आहे. 27 ऑक्टोबर 1937 ला पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळकोइल स्टेशनात ते गाडीतून उतरतील, फलाटावरच तंबोरा जुळवायला सांगतील आणि गातागाताच जातील. देह मिरजेला याच दर्ग्यात येईल. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांची मुलं वडिलांपासून दुरावली, तरी त्यांच्या गळ्यांतून तोच गंधार चालत राहिला.

ज्यांच्या तबकड्याच नाहीत, त्यांचं काय? जाझवाल्यांना ही रुखरुख बडी बोल्डनची आहे. न्यू ऑर्लिन्सचा तो कॉर्नेटवाला 1907 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेला, 1931 मध्ये वारला, आणि त्याचा एकही सूर आज कुणाला ऐकता येत नाही. मिरजेचा बोल्डन म्हणजे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती बुवांनी. मिरजेत त्यांच्यापुढे बसून शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर 1896 मध्ये इथून बाहेर पडले आणि त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभारलं. बुवा 1926 ला गेले. त्यांच्या आवाजाची तबकडी तुम्हाला कुठल्याच बाजारात मिळणार नाही.

म्हणून शेवटची गाडी उलट दिशेची. 1940. रहिमतपूरला उतरून तुम्ही औंधला येता, पंतप्रतिनिधींच्या गावी. अनंत मनोहर जोशी, सगळ्यांचे अंतुबुवा, बाळकृष्णबुवांचे शिष्य, यांनी आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ या वर्षी संगीत उत्सव सुरू केला आहे. कर्णा नाही, लेबल नाही, तीन मिनिटांची घाई नाही. साठीला आलेले अंतुबुवा षड्ज लावतात, बंदिशीचा मुखडा ठणकावून समेवर आणतात, आणि तानेची पहिली सरळ, दाणेदार उतरण येते.

शेजारी फेटा बांधलेला एक म्हातारा आहे. तरुणपणी त्याने मिरजेत बाळकृष्णबुवांना ऐकलं आहे. तो तुमच्या गुडघ्यावर थाप मारतो. "ही बुवांची," म्हणतो. पुढची तान येते, तो मान हलवतो. "ही यांची स्वतःची." मग तिसरी, आणि तो पुढे सरकून बसतो, बोट वर करतो, तुम्हाला सांगू लागतो की बुवा इथे श्वास कसा घ्यायचे.