रजोनिवृत्ती, मध्यमवयीन पुरुष आणि संप्रेरक उपचार : ब्रिटनमधील मराठी कुटुंबांसाठी माहिती

सुश्रुतसंहितेत स्त्रीच्या ऋतुकालाची मर्यादा बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितली आहे. आज ब्रिटनमध्ये पाळी कायमची थांबण्याचे सरासरी वय ५१ मानले जाते, तर भारतात झालेल्या पाहण्यांमध्ये ते ४६ ते ४७ च्या आसपास आढळते. या चार-पाच वर्षांच्या फरकाला इथे राहणाऱ्या मराठी स्त्रीच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. त्रेचाळीस-चव्वेचाळीसाव्या वर्षी रात्रीची झोप उडू लागते, अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात, कारण नसताना चिडचिड होते. तेव्हा तिला स्वतःला, आणि पुष्कळदा तिच्या डॉक्टरलाही, हे रजोनिवृत्तीचे उंबरठ्यावरचे दिवस असू शकतात असे सुचत नाही. मग तक्रारींचे खापर नोकरीवर, मुलांच्या परीक्षांवर किंवा इथल्या हवेवर फुटते.

उपचाराचा विषय निघाला की दुसरी अडचण उभी राहते. ‘हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो’ हे वाक्य आपल्याकडे जवळजवळ म्हणीसारखे रूढ झाले आहे. अलीकडे त्याच्या उलट टोकाचा, या औषधांना नवतारुण्याचे रसायन ठरवणारा प्रचारही ऐकू येतो. दोन्ही मते अपुरी आहेत. संप्रेरक उपचाराचा लाभ किंवा हानी मुख्यतः चार गोष्टींवर ठरते : सुरुवात कोणत्या वयात झाली, औषध कोणते आहे, ते कोणत्या मार्गाने शरीरात जाते आणि त्या व्यक्तीचा आजारांचा पूर्वेतिहास काय आहे.

शरीरात काय घडते

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. मात्र त्रास त्याआधी काही वर्षे सुरू होऊ शकतो. या संधिकाळात बीजकोशांतून निघणाऱ्या इस्ट्रोजेनचे प्रमाण एकसारखे उतरत नाही. ते हेलकावे खाते. मेंदूतील तापमान-नियंत्रण, झोप, हाडांची बांधणी, योनिमार्गाची व मूत्रमार्गाची त्वचा या साऱ्यांवर त्याचा परिणाम होतो. शंभरांतील सुमारे एका स्त्रीची पाळी चाळिशीपूर्वीच थांबते. अशा स्त्रियांच्या हाडांना व हृदयाला अधिक धोका असतो. म्हणून त्यांना निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके देण्याची शिफारस आहे.

लंडनपासून सुरू झालेला इतिहास

‘हार्मोन’ हा शब्दच मुळी लंडनचा. युनिव्हर्सिटी कॉलेजमधील शरीरक्रियातज्ज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली तो व्याख्यानांतून प्रचारात आणला. १९३८ साली लंडनच्याच मिडलसेक्स हॉस्पिटलमधील चार्ल्स डॉड्स व सहकाऱ्यांनी इस्ट्रोजेनसारखे काम करणारे कृत्रिम द्रव्य तयार केले. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या बाजारात आल्या आणि पुढील तीन दशकांत त्यांचा वापर वाढत गेला. १९७५ मध्ये नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढल्याचे दिसून आले. तेव्हापासून गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषध देण्याची पद्धत पडली. ती आजही अनिवार्य आहे.

२००२ ची भीती

जुलै २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीचा, दोन संप्रेरके एकत्र घेणाऱ्या स्त्रियांचा भाग मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. त्यात १६,६०८ स्त्रिया होत्या. दर वर्षी दर १०,००० स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचे ८, हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८ आणि फुप्फुसातील रक्ताच्या गुठळीचे ८ रुग्ण अधिक आढळले. उलट मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ६ आणि खुब्याच्या अस्थिभंगाचे ५ रुग्ण कमी झाले. पुढील वर्षी ब्रिटनमधील ‘मिलियन विमेन स्टडी’नेही स्तनाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. ब्रिटनमध्ये या उपचाराचा वापर काही वर्षांतच जवळपास निम्म्यावर आला.

मथळ्यांमधून एक गोष्ट निसटली. अमेरिकी चाचणीतील स्त्रिया ५० ते ७९ वयाच्या होत्या आणि त्यांचे सरासरी वय ६३ होते. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बराच काळ लोटला होता. औषध होते ते घोड्यांपासून मिळवलेले इस्ट्रोजेन व एक कृत्रिम प्रोजेस्टोजेन, आणि तेही तोंडाने घ्यायच्या गोळीतून. पन्नाशीच्या आसपासच्या, वाफांनी हैराण झालेल्या स्त्रीला त्वचेवाटे दिल्या जाणाऱ्या आजच्या औषधाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

आजचे चित्र

धोका संपलेला नाही, पण तो आता मोजून सांगता येतो. २०१९ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक पातळीवरील एकत्रित विश्लेषणानुसार, संप्रेरके कधीच न घेतलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ६.३ जणींना ५० ते ६९ या वयात स्तनाचा कर्करोग होतो. पन्नाशीत सुरुवात करून पाच वर्षे दोन्ही औषधे रोज घेतल्यास हा आकडा ८.३ होतो, म्हणजे ५० जणींमागे एक रुग्ण अधिक. प्रोजेस्टोजेन महिन्यातील काही दिवसच घेतल्यास ७० जणींमागे एक, आणि गर्भाशय काढलेल्या स्त्रीने नुसते इस्ट्रोजेन घेतल्यास २०० जणींमागे एक रुग्ण अधिक आढळतो. कमी मात्रेच्या योनिमार्गातील इस्ट्रोजेनबाबत असा वाढीव धोका दिसलेला नाही.

इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१५ मध्ये रजोनिवृत्तीविषयी मार्गदर्शिका काढली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती सुधारली. तिचा सारांश असा : अंगातून वाफा येणे व रात्री घाम फुटणे यांवर संप्रेरक उपचार सर्वांत परिणामकारक आहे. तो चालू असेपर्यंत हाडे मोडण्याचा धोकाही घटतो. साठीपूर्वी सुरुवात केल्यास त्यामुळे हृदयविकार वाढत नाही. मात्र हृदयविकार किंवा स्मृतिभ्रंश टाळण्याच्या हेतूने तो घेऊ नये. वाफांचा त्रास एवढीच तक्रार असेल, तर पहिला उपाय म्हणून सरसकट नैराश्यविरोधी गोळ्या देऊ नयेत. विचार व वर्तन यांवर आधारित समुपदेशन काही जणींना उपयोगी पडते.

औषधाचा मार्ग आणि घटक

इस्ट्रोजेन गोळी, पट्टी, जेल किंवा फवारा अशा रूपांत मिळते. गोळी यकृतातून जात असल्याने तिच्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. नेहमीच्या मात्रेत त्वचेवाटे घेतलेल्या औषधाने तो वाढत नाही. वजन अधिक असलेल्या किंवा मधुमेह, उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत म्हणूनच पट्टी किंवा जेल यांचा विचार आधी होतो. मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाण दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत अधिक आहे. वजनाबाबतची धोक्याची पातळीही आपल्यासाठी खालची आहे : शरीरभारांक २३ झाला की सावध व्हावे, २७.५ म्हणजे मोठा धोका, असे इथले निकष सांगतात.

शाकाहारी कुटुंबांत विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे. आजच्या पट्ट्या व जेलमधील इस्ट्रोजेन प्रायः वनस्पतिजन्य द्रव्यापासून बनवतात. प्रचलित नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलचे आवरण मात्र जिलेटिनचे असते. ते चालत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. प्रोजेस्टोजेन सोडणाऱ्या गर्भाशयातील साधनासारखे पर्याय आहेत. कॅप्सूल नको म्हणून परस्पर बंद करणे आणि इस्ट्रोजेन तेवढे चालू ठेवणे धोक्याचे आहे, कारण अस्तराचे संरक्षणच त्यामुळे नाहीसे होते.

स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या, पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या, यकृताचा आजार असलेल्या, रक्तदाब आटोक्यात नसलेल्या किंवा अकारण रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांनी तज्ज्ञांच्या सल्ल्याविना हा उपचार घेऊ नये. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ते कितीही थोडे असो, लगेच डॉक्टरांना सांगावे. आणखी एक गोष्ट अनेकींना ठाऊक नसते : हा उपचार गर्भनिरोधक नाही. शेवटची पाळी पन्नाशीपूर्वी आली असेल तर पुढे दोन वर्षे, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधनाची काळजी घ्यावी लागते.

भारतातून आणलेले अशोकारिष्ट, शतावरी कल्प किंवा रसौषधी घेत असल्यास तेही लपवू नये. काही आयात आयुर्वेदिक औषधांत शिसे, पारा व आर्सेनिक आढळल्याने ब्रिटनच्या औषध-नियामक संस्थेने पूर्वी इशारे दिले आहेत. हाडांच्या दृष्टीने, सावळ्या वर्णाच्या लोकांनी इथे वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा असा सरकारी सल्ला आहे.

पुरुषांचे काय?

‘पुरुषांची रजोनिवृत्ती’ हा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे, असे एनएचएसही म्हणते. स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन काही वर्षांतच खाली येते; पुरुषातील टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीपासून अगदी सावकाश उतरते आणि बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. मँचेस्टरच्या संशोधकांच्या नेतृत्वाखाली युरोपातील ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले : लैंगिक लक्षणे आणि कमी टेस्टोस्टेरॉन या दोन्ही कसोट्यांवर उतरलेले पुरुष अवघे २.१ टक्के होते.

थकवा, उदासी, कामेच्छा मंदावणे यांमागे वाढलेला कमरेचा घेर, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणे, मद्यपान किंवा मनावरचा ताण ही कारणे अधिक वेळा सापडतात. वजन घटल्यावर टेस्टोस्टेरॉन आपोआप वाढते, असेही दिसते. शंका असेल तर सकाळी ७ ते ११ च्या दरम्यान, उपाशीपोटी आणि निरनिराळ्या दिवशी दोनदा रक्त तपासावे. ब्रिटिश तज्ज्ञांच्या निकषांनुसार पातळी प्रतिलिटर १२ नॅनोमोलच्या वर असल्यास सहसा औषधाची गरज नसते. ८ च्या खाली असल्यास बहुधा असते. मधल्या पट्ट्यात लक्षणे पाहून काही महिने प्रयोग करता येतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीत, खरोखर कमतरता असलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉनमुळे हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात वाढले नाहीत. हृदयाची अनियमित गती आणि फुप्फुसातील गुठळी यांचे प्रमाण मात्र थोडे अधिक होते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर शुक्राणूंची निर्मिती मंदावते, कधी थांबतेही. म्हणून मूल हवे असलेल्या पुरुषाने हे औषध टाळावे. ब्रिटनमध्ये ते कायद्याने नियंत्रित द्रव्य आहे. जाहिरात पाहून एकाच रक्ततपासणीवर उपचार सुरू करण्याआधी जीपींचे मत घ्यावे.

दवाखान्यात जाताना

वय ४५ च्या पुढे असून लक्षणे स्पष्ट असतील, तर रजोनिवृत्तीच्या निदानासाठी रक्ततपासणीची गरज नाही. ४० ते ४५ या वयात ती विचारात घेतली जाते, आणि चाळिशीच्या आत पाळी थांबल्यास तपासणी अवश्य होते. थायरॉइडचे विकार व रक्तक्षय यांची लक्षणेही अशीच असतात; त्यांची चौकशी करून घ्यावी.

भेटीचा वेळ थोडा असतो. ‘अंग दुखते, बरे वाटत नाही’ एवढेच सांगितल्यास वेदनाशामक गोळी घेऊन परतण्याचीच शक्यता अधिक. त्याऐवजी रात्री किती वेळा घाम फुटून जाग येते, पाळीच्या तारखा कशा बदलल्या, कामावर काय अडते, हे लिहून न्यावे. योनिमार्गाचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी होणारी वेदना, वारंवार होणारी लघवीची जळजळ या गोष्टी आपल्याकडे बोलल्या जात नाहीत, आणि नेमका त्यांवरचा उपाय सर्वांत सोपा व सुरक्षित आहे. १९२७ साली र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले, तेव्हापासून मराठीत या विषयांवर लिहिण्याला शब्द कमी पडलेले नाहीत. कमी पडतो तो संकोच सोडण्याचा धीर. डॉ. निघत आरिफ यांनी उर्दू व पंजाबीतून रजोनिवृत्तीविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हा इंग्रजी येणाऱ्या मुलींच्या आयांपर्यंतही माहिती पोचली. मराठीत असे काम मंडळांच्या कार्यक्रमांतून सहज होऊ शकेल.

इंग्रजीत बोलणे जड जात असेल तर एनएचएसमध्ये दुभाषी विनामूल्य मिळतो. भेट ठरवतानाच तशी मागणी करावी. आईच्या अशा तक्रारींचे भाषांतर मुलाने वा सुनेने करणे दोघांनाही अवघड जाते. स्त्री डॉक्टर हवी असेल तर तेही सांगता येते.

खर्चाचा भार मोठा नाही. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे औषधचिठ्ठीला शुल्क नाही. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२३ पासून संप्रेरक औषधांसाठी वार्षिक प्रमाणपत्र मिळते. त्याची किंमत दोन औषधचिठ्ठ्यांच्या शुल्काइतकी असते. नोकरीच्या ठिकाणी लक्षणांचा दीर्घकाळ व गंभीर परिणाम होत असल्यास २०१० च्या समानता कायद्याखाली ते अपंगत्व ठरू शकते, आणि मालकाला कामात योग्य ते बदल करून द्यावे लागतात. समानता व मानवाधिकार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांनी पहिला आढावा आणि पुढे वर्षातून एकदा भेट, अशी पद्धत आहे. औषध किती वर्षे घ्यावे याची सर्वांना लागू होणारी मुदत नाही. दर वर्षीच्या भेटीत लाभ व धोका पुन्हा तोलून औषध पुढे चालू ठेवायचे, त्याची मात्रा बदलायची की ते थांबवायचे, हे डॉक्टरांशी बोलून त्या स्त्रीनेच ठरवायचे असते.