तळटीप : डासाची प्रतिकारशक्ती
* ‘डास हिवताप नुसता वाहून नेतो’ हे लेखकाचे विधान अर्धेच खरे. ठाणे, कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांत गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत वाढणाऱ्या ॲनॉफिलिस स्टीफेन्साय डासाची मादी परजीवीशी चांगलीच झुंजते. (तपशील मुख्यतः तिच्या आफ्रिकी बहिणीवरून, गॅम्बिए जातीवरून, कळले.) रक्त प्यायल्यावर आतड्यात जिवाणू फोफावतात, त्यांच्या भित्तिकेचे तुकडे पेशींवरच्या ‘पीजीआरपी-एलसी’ या ग्राहीला चिकटले की जंतुनाशक प्रथिने सुटतात, आणि फटका परजीवीलाही बसतो. आतडे भेदून पलीकडे पोचलेल्यांना ‘टीईपी-१’ प्रथिन चिकटते. बरेचसे तिथेच संपतात. आपल्यासारखी प्रतिपिंडे डासाकडे नाहीतच. वाचलेल्या परजीवीची मात्र पुटी होते, आणि अशा एकेका पुटीतून हजारो बीजाणू निघतात. हिवताप आणि डास यांचा संबंध दाखवणारे रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला दिसल्या त्या याच पुट्या. — संपा.