मोहाची, घरची आणि दुकानातली

२००९ साली पुण्यात डूलाली सुरू झालं आणि 'इथंच बनवलेली ताजी बिअर' हा आपल्या आयटीवाल्यांच्या गप्पांचा विषय झाला. मग कुणीतरी हमखास सांगतं की ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही, अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं मोकळीक मिळाली. खरंय. पण घरची विरुद्ध दुकानातली हे भांडण आपल्याकडे बघायचं तर गडचिरोलीत, आलापल्लीच्या जंगलात जायला हवं. तिथे बिअर नाही, मोह आहे.

मार्च-एप्रिलात पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात. ती वेचायची, वाळवायची, पाण्यात भिजत घालायची. फुलात साखर भरपूर, त्यामुळे चार-सहा दिवसांत ती आपोआप आंबतात. हा झाला सडवा. बिअरचं काम इथंच संपतं. मोहाचा सडवा मात्र चुलीवर चढवतात, वर थंड पाण्याचं भांडं ठेवतात आणि वाफेची दारू थेंब थेंब गोळा करतात. ('पहिल्या धारेची' हा शब्द आपण उगाच वापरतो, तो इथला!) गोंड-माडिया घरांत पहिले थेंब देवाला, पूर्वजांना. जन्म, लग्न, मरण, सगळीकडे ती लागते.

इंग्रजांना यात महसूल दिसला. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि एखाद्या टापूत दारू गाळून विकायचा हक्क लिलावात ठेकेदाराला मिळायचा. म्हणजे शेजारची बाई घरी गाळते ती चोरी, आणि ठेकेदार विकतो ती कायदेशीर. तिकडे ठाणे-कुलाब्यात तर १८९२ च्या कायद्यानं नुसत्या फुलांवरच बंधनं आणली. कारण दारूबंदी नव्हे बरं का, तिजोरी!

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, पुढे तो विदर्भालाही लागू झाला. १९७५ साली केंद्रानं आदिवासी भागासाठी वेगळा विचार मांडला: ठेक्याची दुकानं बंद करा, घरापुरती गाळू द्या. माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात शहाणा सरकारी कागद हाच. पण तो कागदच राहिला.

मग १९९३ ची गडचिरोलीतली दारूबंदी. ती मुंबईहून लादलेली नव्हती. गावोगावच्या बायकांनी आणि डॉ. अभय व राणी बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती मागून घेतली होती. मोहाचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही. घरची दारू विकायला निघाली की ती घरची राहत नाही. मोह पुरत नाही म्हणून गूळ येतो, नवसागर येतो, आणि मार शेवटी बाईच खाते.

१९९६ च्या पेसा कायद्यानं दारूवर बंदी घालायचा किंवा मर्यादा आणायचा अधिकार ग्रामसभेला दिला. म्हणजे देवाच्या थेंबांत आणि विकायच्या कॅनमध्ये फरक कुठे करायचा, हे गावानं ठरवावं. पण जिल्हाभर सरसकट बंदी असताना त्यातला 'मर्यादा' हा भाग जवळजवळ निरुपयोगीच.

शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली, गडचिरोलीत ती कायम आहे. २०२१ मध्येच राज्यानं मोहफुलांवरची जुनी बंधनंही काढली. २०२२ मध्ये मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून बाटलीत भरायचं धोरण आणलं. आलापल्लीत आज फुलं वेचून पोत्यांनी साठवली तरी चालतं. भिजत घातली की गुन्हा.