जात्याजवळ बसलेला उपदेश



आपला धर्म दुसऱ्यास कसा सांगावा, हा प्रश्न प्रत्येक धर्माच्या इतिहासांत केव्हां ना केव्हां उभा राहतो. शस्त्रानें राज्य जिंकतां येतें. अंतःकरण जिंकण्यास निराळें साधन लागतें. इस्लामच्या इतिहासांत त्या साधनाचें एक सुंदर उदाहरण विजापुरास सांपडतें. महाराष्ट्राचा बराचसा दक्षिण भाग एके काळीं विजापूरच्या आदिलशाहींत मोडत होता. तेव्हां ही कथा आपल्या शेजारघरचीच आहे.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मीरांजी शम्सुल उश्शाक हे चिश्ती परंपरेंतील सूफी विजापूरनजीक शहापूरच्या टेकडीवर येऊन राहिले. त्या काळीं धर्मविद्या अरबींत आणि दरबारी विद्या फारशींत बंदिस्त होती. मीरांजींनीं लेखनासाठीं बाजारांत व घराघरांत बोलली जाणारी दखनी भाषा घेतली. विद्वानांस ती हलकी वाटे. मीरांजींचें म्हणणें असें कीं, ज्यांस अरबी-फारशी येत नाहीं त्यांनीं ज्ञानास कां मुकावें? भाषेच्या बाह्य रूपाकडे न पाहतां आंतील अर्थ पाहावा. आमच्या ज्ञानेश्वर-एकनाथांनीं संस्कृताच्या बाबतींत जो बांध फोडला, तसाच हा. मीरांजींचे पुत्र बुरहानुद्दीन जानम यांनीं १५८२ सालीं ‘इर्शादनामा’ हा ग्रंथ दखनींतच रचला. नातू अमीनुद्दीन आला यांनीं १६७५ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, तीच वाट चालविली.

परंतु ग्रंथ कितीही सोपा केला, तरी तो वाचतां येणाऱ्यांपुरताच. ही उणीव दखनींतील लहान लहान गीतांनीं भरून काढली. त्यांचीं नांवेंच बोलकीं आहेत: चक्कीनामा, चरखानामा, लोरीनामा. दळतांना, सूत कांततांना, मूल निजवितांना तीं म्हणावयाचीं. ओवीच्या नादांत वाढलेल्या मराठी माणसास याचें मर्म समजावून सांगावयास नको. चक्कीनाम्यांत जात्याचा उभा खुंटा म्हणजे ‘अलिफ’. अरबी लिपींतील हें पहिलें अक्षर उभ्या रेघेसारखें असतें आणि अल्लाचें नांव त्यानेंच सुरू होतें. मधला आंस म्हणजे पैगंबर मुहम्मद. चरखानाम्यांत देह हाच चरखा होतो. पहांटे दळावयास बसलेल्या बाईस यासाठीं ना अक्षरओळख लागे, ना मौलवी. हात फिरत असे, आणि फिरत्या हाताबरोबर ईश्वराचें नांव.

रिचर्ड ईटन या इतिहासकारानें विजापूरच्या सूफींवरील आपल्या १९७८ सालच्या ग्रंथांत या गीतांचा विचार केला आहे. त्याच्या मतें या सूफींना आजच्या अर्थानें धर्मप्रचारक म्हणतां येत नाहीं. गीतांचा परिणाम झाला तो घरांतील स्त्रियांच्या मुखानें, आणि तोही पिढ्यान् पिढ्या, अगदीं सावकाश. अर्थात् सारे सूफी असेच होते, असें कोणीं समजूं नये. कडक शास्त्राचा आग्रह धरणारे त्यांत होते आणि इनाम जमिनींवर संतुष्ट राहणारेही होते.

वर्गांत उभें आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास या गीतांचें यश नवलाचें वाटत नाहीं. ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावें, हें अध्यापनाचें पहिलें सूत्र. जातें ज्ञात होतें. त्यावरून अज्ञाताकडे बोट दाखविलें गेलें. पण याची किंमत सांगणाऱ्यास द्यावी लागते. प्रथम त्यास ऐकणाऱ्याचे शब्द शिकावे लागतात. बुरहानुद्दीन यांच्या लेखनांत योगमार्गाची परिभाषा आली ती यामुळेंच. कर्मठांस असें मिश्रण रुचणारें नव्हतें. शिवाय ही वाट एकेरीही नव्हती. मुसलमान घराण्यांत जन्मलेल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीं १६४५ सालीं ‘योगसंग्राम’ पूर्ण केला, तो मराठी ओवींत.

दुसरी किंमत याहून अवघड. गीत ऐकणारीनें तें आवडीनें म्हणावें आणि तरीही आपल्या कुळाचा देव सोडूं नये, हेंही शक्य होतें. गीत रचणाऱ्यानें तिच्याकडून तेथल्या तेथें उत्तर मागितलें नाहीं. धर्म सांगण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. परंतु ‘नको’ हें उत्तर शांतपणें ऐकून घेण्याची तयारी ज्याच्यापाशीं नाहीं, त्याचें सांगणें हें सांगणें राहत नाहीं, ती मागणी होते. शेजारीं शेजारीं राहणाऱ्या निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनीं विजापूरच्या जात्यापासून एवढें जरी घेतलें, तरी पुष्कळ झालें.